काही न मागणारं दालन

१९ ऑगस्ट
आज रुजू झाले. फेरीबोटीतून उतरते तर धक्क्यावर इल्वा उभी! दोन वर्षांनी आम्ही मायलेकी एका छपराखाली राहणार. ती इथल्याच विद्यापीठात शिकते आणि मला तिथल्याच ग्रंथालयात काम मिळालंय. पोरीनं आल्याआल्या बजावलं, "आई, ग्रंथालयात मला ओळख दाखवायची नाही हं!" आणि माझ्या वाटचा दालचिनीचा पावही फस्त केला.

काम माझ्या आवडीचं. पुस्तकांची देवघेव, संगणकावरचे शोध, दालनांतली ये-जा, या नोंदींवरून वाचकांना काय हवंय ते ओळखायचं. नोंदींत नावं नसतात, फक्त दालनं. ग्रंथपाल तुर्गाइर म्हणाला, वाचक तोंडानं मागत नाहीत, त्यांच्या पावलांवरून ओळखावं लागतं.

४ सप्टेंबर
कायद्याच्या मुलांना एकेका पुस्तकाच्या जास्त प्रती हव्यात, नर्सिंगवाल्यांना मिळून बसायला खोल्या. चौकशीच्या खिडकीवरची गुडवेग हसली. म्हणाली, एवढी यंत्रं लावून कळलं काय, तर पोरांना खुर्च्या आणि कॉफी हवी!

एकच गोष्ट कळत नाही. उत्तरेचं दालन डागडुजीनंतर या उन्हाळ्यात पुन्हा उघडलं. ते कायम भरलेलं असतं, पण तिथून येणारी मागणी आटत चाललीय.

२६ सप्टेंबर
आटलीच. तिथले वाचक पुस्तकं नेत नाहीत, काही शोधत नाहीत, घोटभर कॉफीलाही बाहेर पडत नाहीत. सकाळी येतात, बंद होईपर्यंत बसतात. तुर्गाइर खूश आहे. "तक्रार नाही, मागणी नाही, म्हणजे समाधान! आणखी खुर्च्या मागवू."

गुडवेगचा चेहरा मात्र उतरला. मागाहून तिनं मला बाजूला घेतलं. ते दालन तिच्या तरुणपणापासून कुलूपबंद होतं. त्याआधी तिची थोरली बहीण परीक्षेच्या दिवसांत तिथे बसायची. बहीण आता वृद्धाश्रमात असते. आजार काही नाही. भरवलं तर खाते. पण इतक्या वर्षांत तिनं पाणीसुद्धा मागितलेलं नाही.

"तुझ्या नोंदींत तीही समाधानीच दिसेल बघ," गुडवेग म्हणाली.

इल्वाही हल्ली जेवायला नको म्हणते. अभ्यासाचा ताण असेल.

१ ऑक्टोबर
दुपारी स्वतः जाऊन पाहिलं. मोठ्या खिडक्या, खाली पसरलेल्या फियोर्डच्या, त्या खोल खाडीच्या, पाण्यावरून येणारा स्वच्छ उजेड. सगळे ताठ बसलेले. पुस्तकं उघडी, पण पान कुणीच उलटत नव्हतं. एका मुलाला विचारलं, तुला काही हवंय का? त्यानं प्रसन्नपणे मान हलवली. नाही. त्याचे ओठ कोरडे पडून फाटले होते.

त्याच्या शेजारी इल्वा.

"काही नको गं, आई." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

२ ऑक्टोबर
काल तिला ओढत घरी आणलं. जराही विरोध केला नाही. टेबलाशी बसवलं तशी बसून राहिली. सूप भरवलं, गिळलं. मी रडले, तर नुसती बघत राहिली. माझी पोर, एका जागी दोन घटका न टिकणारी—

तुर्गाइरला फोन केला. मी म्हणाले, दालन आजच्या आज बंद कर. तर म्हणतो, अगं, पण आकडे तर—

३ ऑक्टोबर
इल्वाचं अंथरूण रिकामं. बाहेर गारा पडतायत आणि तिचा कोट इथेच खुंटीला. तिकडेच गेली असणार—

दालनात
तिचा हात धरून बसलेय. आता ओढत नाही. ती आपण होऊन उठेपर्यंत हलणार नाही. गुडवेगनं बजावलं होतं, आत गेलीस तरी खुर्चीत बसू नकोस. पण किती वेळ उभी— हात उबदार आहे तिचा. निदान तेवढं तरी—

नंतर
सकाळपासून पोटात अन्न नाही. भूकही नाही. सकाळची भीतीही ओसरली.

उजेड फार सुंदर आहे.

गुडवेग दारातून हाका मारतेय. आत येत नाही. रडतेय वाटतं. माझं नाव घेतेय. उठून तिच्याकडे जावं असं मघाशी वाटलं होतं, पण