दोघांनी ऐकलेले आवाज

भंडारा
ता. ४ डिसेंबर १९७८

तीर्थरूप यादोदादास,
कुंताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आम्ही सारे खुशाल आहोत. तुमची शेवंता काल कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गायली आणि माझी मान ताठ झाली. बायका विचारत होत्या, ही पोर कोणाची? माझ्या भावाची, म्हणून मी ठणकावून सांगितले. आवाज काय, पाणी भरायच्या नव्या पितळी गुंडासारखा चकचकीत! तुम्ही हवे होतात. वहिनींना नमस्कार. लोभ आटू देऊ नये.
कुंता

नाकाडोंगरी
ता. ११ डिसेंबर

चि. सौ. कुंतास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचले आणि रागच आला. चकचकीत हे डोळ्यांचे काम, बाई. डोळे माझे शाबूत आहेत. खाणीतल्या सुरुंगांनी गेले ते कान. शेवंताला शेवटचे ऐकले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आता एकोणीसची घोडी झाली आणि तिचा आवाज बापालाच ठाऊक नाही. तुझ्या वहिनीला, धुरपताला विचारले तर ती नुसता हात हलवून झकास करते. गोड म्हणशील, तर गूळही गोड असतो. असे कर. आपण दोघांनी लहानपणी गावात जे ऐकले, त्यातले सांग. तेवढे मला अजून ऐकू येते. खोटी स्तुती मात्र नको. जावईबुवांना रामराम. माया आहेच, ती राहू दे.
यादोदादा

भंडारा
ता. २० डिसेंबर

ती. दादास सा. न.
तुमच्या फर्मानाने घरात तमाशा झाला. शेवंता रियाजाला बसली की मी पोळपाट सोडून डोळे मिटते. बाईले काय झालं, दवाखान्यात नेऊ काय, असे हे विचारून राहिले. तर ऐका. तिचा खालचा सूर म्हणजे जात्याची घरघर. रिकाम्या नाही, दाणे घातलेल्या जात्याची. आई तळ्याच्या पाळीवरून हाक मारायची. ओरडायची नाही, पण पलीकडच्या काठाला पोचायची. वरचा सूर तसा. खोटे नको म्हणालात म्हणून लिहिते, मधेच कुठे धानाच्या वाळल्या तणसावर पाय पडावा तसा जरासा खरखरतो. मला तर तेच सगळ्यात आवडते. चुकले असेल तर रागवा, पण अबोला नको.
कुंता

नाकाडोंगरी
ता. २८ डिसेंबर

चि. सौ. कुंतास,
आशीर्वाद. धन्य तुझ्या कानांची! दाण्यांचे जाते, आईची हाक, तणस, सगळे तिच्या जुन्या गाण्याच्या एकेका ओळीला लावून पाहिले. मला मान डोलावताना धुरपताने पाच वर्षांत पहिल्यांदा पाहिले. ती पदराने डोळे पुसत होती. कालपर्यंत माझ्या कानात चौदा वर्षांची पोर गात होती. ती आता मोठी झाली. हे उपकार कसे फेडू? आणखी एकच लिहून पाठव. गाणे कळले, पण ती 'बाबा' म्हणते, ते आता कसे ऐकू येते?
तुझाच,
यादोदादा