हातात ठेवलेली टीप

लिंबायत, सुरत

आईला नरेंद्रचा जयभीम. प्रज्ञाने हे वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

मी बरा आहे. आधी कापडाच्या लूमवर आवाजाने कान सुन्न व्हायचे, हॉटेलात तो त्रास नाही. दोन्ही वेळ गरम जेवण मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

मी लोकांची उष्टी ताटं उचलतो, वरून टीप घेतो, म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस. कोणापुढे हात पसरायचा नाही हे तूच शिकवलंस. खरं सांगतो, महिनाभर मी बडीशेपेच्या वाटीतल्या नोटेला हात लावला नाही. सोबतचा प्रदीप म्हणायचा, "साहेब, तुमची नोट मी उचलू का?"

गेल्या रविवारी एक गुजराती आजी मुलासोबत आल्या. त्यांचे हात थरथरत होते, घास सांडत होता. मी कोणी न सांगता भाकरी कढीत कुस्करून दिली, आजारपणात तू अण्णांना द्यायचीस तशी.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि नोट तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "दीकरा, आ भीख नथी. तें मने प्रेमथी जमाडी." म्हणजे, बाळा, ही भीक नाही, तू मला प्रेमाने जेवू घातलंस. ती नोट मी घेतली, आई.

मग विचारलं, "तारी मा क्यां छे?" मी म्हटलं, गावाला आहे, माझ्यावर रुसलीय. तर म्हणाल्या, तिला कागद लिही.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा येणार आहेत. आल्या की आधी तुझंच विचारतील. त्यांना काय सांगू?

तुझाच,
नरेंद्र