मांडीवरची तपासणी

रवि., ४ जाने.
मुलुंडच्या हॉलमध्ये माझा वर्ग सुरू. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सगळे दातांचे डॉक्टर, रूट कॅनाल झकास करतात. पोरांना कीड लागूच नये म्हणून काय करायचं, ते यांना कुणी शिकवलेलंच नाही. दोघं सर्टिफिकेटचं विचारून जेवणानंतर पसार. साकीनाक्याचा सावंत थांबला. "मॅडम, दुधाचे दात पडणारच ना?" डोकंच फिरलं माझं. पण निदान विचारलं तरी.
घरी खिचडी. कुकर एकटीला मोठाच पडतो.

मंगळ., ६
सुनेचा, केतकीचा, कॅनडाहून व्हिडिओ कॉल. नात ईरा हसली नि तिच्या वरच्या दातांवर, हिरडीलगत, पांढऱ्या रेघा दिसल्या. किडीची सुरुवात. आत्ता फ्लोराइडचं वार्निश, दातांवरचा तो लेप, लावलं तर थांबेल. ते सांगायचं सोडून मी म्हणाले, "बाटली तोंडात देऊन झोपवतेस ना? वाट लावलीस पोरीच्या दातांची."
"ठीक आहे, आई." फोन बंद.

शनि., १०
फोन नाही. मुलाला, मंदारला केला, तर ड्यूटीवर आहे म्हणाला. इथे बसून लोकांची पोरं वाचवतेय, आणि माझी ईरा...
वर्गातली कापडी बाहुली धुऊन वाळत घातली. उद्या लागेल.

रवि., ११
आज मांडीवरची तपासणी. आई नि डॉक्टर समोरासमोर, गुडघ्याला गुडघे. मूल आईकडे तोंड करून बसतं, मग मागे आडवं, डोकं डॉक्टरच्या मांडीवर. आईचा चेहरा दिसत राहतो, म्हणून कमी घाबरतं.
बाहुलीची आई मी झाले. डॉक्टर सावंत. तोंडात बघितलं नि झालं सुरू, किती चॉकलेटं देता हो वगैरे. मी थांबवलं. म्हटलं, ओरडलात की ती बाई परत येणार नाही, मग वार्निश लावणार कुणाला? पुन्हा करा. बोलले नि आठवलं, मीही हेच केलं. केतकी.
सावंतने बाहुलीचं डोकं नीट धरलं. मग विचारलं, "रात्री ही रडते, तेव्हा घरात मदतीला कोण असतं तुमच्या?"
"कोणी नाही."
हे काही ठरवून दिलेलं उत्तर नव्हतं. सावंत तसाच बसून राहिला, गुडघे मागे न घेता. इतक्या जवळ कुणी बसून किती काळ झाला. सगळ्यांसमोर रडले. लाज वाटली, मग नाही वाटली.

मंगळ., १३
सकाळी सावंतचा फोन. दोन वर्षांच्या पोरीला पहिलं वार्निश लावलं, आईनेच पुढची तारीख मागितली. स्वारी जाम खूश. मीही.
मंदारची रात्रपाळी असते. माहीत होतं मला. त्या थंडीत केतकी एकटी पोर सांभाळते, मी एकदा विचारलं नाही.
मेसेज केला. दातांचं दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी एवढंच: "रात्री ईरा रडते तेव्हा उठायला कोण असतं गं तुझ्याबरोबर?"
वाचलंय तिने. काहीतरी लिहितेय. थांबली. परत लिहितेय.
फोन मांडीवर घेऊन बसलेय. चहा गॅसवर उकळतोय, पण उठवत नाही.