रोलर तापेपर्यंत

सोमवार, १४ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, पत्रात सगळे असतात तितके. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, जिना चढणं कमी कर. माझं शिवणाचं काम चालू आहे. कुणाचे झगे सैल करायचे, कुणाच्या पडद्यांना दुमड घालायची, असलं. हे हल्ली डाव्या हाताने सही गिरवतात, पहिलीतल्या मुलासारखी जीभ बाहेर काढून. मी हसले की तेही हसतात.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी हो हो करते, लहानपणापासूनची सवय आहे. कागद मध्येच बोलत नाही. आज संध्याकाळीच पाळकसाहेबांच्या हाती पाठवते.

तुझा निरोप चर्चचे पाळकसाहेब घेऊन आले होते. तुझ्या लाँड्रीच्या रौप्यमहोत्सवाची उपकारस्तुतीची सभा आहे, बाहेरून इतर धंद्यांचे मालक आणि व्यवस्थापक मंडळी येणार आहेत, तू 'सेवा करणारा पुढारी' या विषयावर बोलणार आहेस. त्याआधी आम्ही दोघांनी उभं राहून साक्ष द्यायची, की संकटात देवाने कसं सांभाळलं आणि मालकाने कसं वाऱ्यावर सोडलं नाही. पाळकसाहेब बिचारे चहा गार होईपर्यंत कप नुसता धरून बसले होते. आपण काय मागतो आहोत हे त्यांनाही कळत होतं.

हे 'बघू' म्हणाले. मी गार चहाचा कप उचलून आत नेला. आता म्हणते, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

तू चर्चच्या त्या पुढाऱ्यांच्या शिबिराला जाऊन येण्याआधी आपली सकाळ कशी असायची, आठवतं? हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे येऊन पडलेले असायचे. हे सगळ्यांत आधी मोठ्या इस्त्रीच्या मशीनकडे जायचे. रोलर चालू करून समोरची सुरक्षापट्टी दाबायचे. पट्टी दाबली की रोलर जागच्या जागी थांबायला हवा. दोन्ही टोकांना दाबून बघायचे, मधेही बघायचे. मग बायकांना हाक मारायचे, "या, वाघ माणसाळला." रोज तोच विनोद आणि रोज आम्ही हसायचो.

शिबिराहून तू नवा माणूस होऊन आलास. दिवसाचा पहिला वाटा देवाचा, आणि तो कामगारांच्या वेळेतून नाही, मालकाच्या वेळेतून द्यायचा, असं म्हणालास तेव्हा मला तुझा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण माल पोचवायची गाडी काही उशिरा सुटायला लागली नाही. प्रार्थनेचा वेळ कुठून तरी यायचा होता, तो तपासणीतून आला. रोलर तापेपर्यंत सगळ्यांनी त्याच्याभोवती उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि आमेन झालं की चादर आत.

पट्टी कधी बघू, असं ह्यांनी तुला केबिनमध्ये विचारलं, तेव्हा तू 'बघू या' म्हणालास. मग सगळ्यांसमोर विचारलं. तू ह्यांच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "दाजी, आत्ता ज्याच्या हाती सगळं सोपवलं, त्याच्यावर विश्वास नाही का?" सगळे हसले, अगदी प्रेमाने हसले. त्यानंतर पुन्हा कोण विचारणार? ज्याने त्याने आपल्या चर्चची लाज राखायची असते. मीही हसले होते.

त्या दिवशी प्रार्थना ह्यांनीच केली. पहिलीच चादर अडकली. ती सरळ करायला ह्यांचा हात पुढे गेला, मनगटाने पट्टी दाबली गेली आणि रोलर फिरतच राहिला. मी घडीच्या टेबलापाशी होते. पुढचं लिहीत नाही, तूही तिथे होतास. हे आता प्रार्थनेला बसले की डाव्या हाताने उजवा हात झाकून घेतात. बोटांत बोटं घालायला तिथे बोटं नाहीत.

हॉस्पिटलात तू आमच्यासोबत बसून राहिलास, रडलास, हे मी नाकारत नाही. पण कारखान्यांचा सरकारी तपासनीस जबाब घ्यायला येणार त्याआधी तू जे केलंस ते मला आजवर कुणाला सांगता आलं नाही, आईलासुद्धा नाही. तू ह्यांच्याशी त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. खाटेशेजारी गुडघे टेकलेस आणि देवाशी बोललास. लाँड्री बंद पडली तर कुणाकुणाची चूल विझेल, एकेकाचं नाव घेऊन सांगितलंस. देवाला ती नावं ठाऊक होती, दादा. तू ह्यांना ऐकवत होतास.

तपासनिसाला हे म्हणाले, "पट्टी सकाळीच तपासली होती. चूक माझी, मी पट्टीच्या वरून हात घातला."

ते खोटं ह्यांनी तुझ्यासाठी गिळलं. मला वाटलं होतं, तुला ते निदान टोचत राहील. पण तू तेच खरं मानून मोकळा झालास. मागच्या सभेतलं तुझं भाषण मी ऐकलं. घरच्याच माणसाच्या निष्काळजीपणाने धंदा बुडायची वेळ आली, तरी मी त्याला क्षमा केली, आणि क्षमा हीच पुढाऱ्याची खरी कसोटी, असं म्हणालास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू ह्यांना क्षमा केलीस. चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण मी सख्ख्या भावासाठी वापरीन असं कधी वाटलं नव्हतं.

त्याच भाषणात बायबलातल्या, पडका तट बांधणाऱ्या त्या पुढाऱ्याची गोष्ट सांगितलीस. शत्रू चालून आले तेव्हा लोकांनी प्रार्थना केली, म्हणालास, आणि तिथेच थांबलास. त्यांनी प्रार्थना केली आणि पहारेकरी बसवले. संडे स्कूलच्या परीक्षेसाठी ते वचन तूच माझ्याकडून घोकून घेतलं होतंस.

एवढंही मी पोटात घातलं असतं. पण परवा घडीच्या टेबलावरच्या ताई भेटल्या. पट्टी दुरुस्त झाली आहे, पण सकाळी अजून कुणी ती दाबून बघत नाही, कारण प्रार्थना आता पूर्वीपेक्षा लांबते. ह्यांच्यासाठी करतात म्हणे. आणि रोलरवर नवी मुलगी आहे.

मी ते ह्यांना सांगितलं. आज सकाळी धुतलेला शर्ट मागितला, बटणं मी लावली. म्हणाले, "साक्ष द्यायची तर ज्याच्यापुढे खोटी दिली त्याच्यापुढेच जाऊन देतो." मी विचारलं, "दादाचं काय होईल?" तर म्हणाले, "दादांचं देव बघेल. पट्टी कुणीतरी बघायला हवी."

तपासनिसाच्या कचेरीतून ते अजून परतलेले नाहीत. लाँड्रीला कदाचित कुलूप लागेल, आणि तू हॉस्पिटलात ज्यांची नावं घेतलीस ती सगळी आमच्या दारात येऊन आम्हाला शिव्या देतील. देऊ देत. तुझ्या सभेला आम्ही येणार नाही.

आणि उद्या सकाळी आमच्यासाठी प्रार्थना करू नकोस. तेवढ्या वेळात पट्टी दाबून बघ.

तुझी, अजून तरी,
धाकटी बहीण