बरणीतली मिसेस निगार्ड

फ्रिज माझा, बरणी माझी, गांधीलमाशी माझ्या ओळखीची, आणि घर सोडायचं तेही मीच! तुझा बाप लोणी शोधायला फ्रिजमध्ये डोकावला आणि माझं डोकं फिरल्याचा निकाल देऊन मोकळा झाला. आता म्हणतो, तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात जा. मी जाणार नाही. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

प्रिय सिग्नी,

तू कॅमेरा पाठवलास तेव्हा मी कुरकुरले होते, की आठवीत शाळा सोडलेल्या बाईला हे खेळणं कशाला. आता घरातली किटलीसुद्धा माझ्यासमोर पोज देऊन बसते. आपला बिशप तर पक्का नखरेल बोका. कॅमेरा दिसला की खिडकीत जाऊन मान वळवून बसतो. पण किडे म्हणजे तुझे आजोबा, एका जागी टिकतील तर शपथ! पहाटेच्या गारव्यात ते बसून राहतात खरे, पण माझं कंबरडं त्या वेळी अंगणात यायला तयार नसतं. लायब्ररीत आम्हा फोटोवाल्यांचा कंपू जमतो, तिथे मार्गिटने युक्ती सांगितली. किडा बरणीत घालायचा आणि कॉफी होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा. बर्फाच्या कप्प्यात नाही हं. त्याला मारायचं नाही, नुसतं बसवायचं. गारठला की शहाण्यासारखा बसतो, आणि ऊब लागली की शिव्या देत उडून जातो. कंपूतले सगळे हेच करतात. मार्गिटकडे अंड्यांशेजारी नाकतोडा असतो.

किडा ज्याच्या अंगणातला, त्याचं नाव मी बरणीवर लिहिते, म्हणजे सोडायचा कुठे ते कळतं. ही गांधीलमाशी शेजारच्या मिसेस निगार्डच्या फुलांवरची. तुझ्या बापाने ते नाव वाचलं आणि बरणी हातात घेऊन मला समजावत बसला, अगदी तान्ह्या पोराशी बोलावं तसं: "आई, मिसेस निगार्ड बरणीत नाही गं, ती तिच्या घरी आहे." मी म्हटलं, "रोल्फ, झाकण उघडू नकोस." उघडलंच त्याने. तोवर तिला चांगली ऊब लागली होती. अंगठा टोमॅटोएवढा सुजला, आणि दोष कुणाचा? माझ्या मेंदूचा.

रविवारी चर्चमधल्या कॉफीपर्यंत गावभर झालं. खुद्द मिसेस निगार्ड केकची बशी घेऊन आली आणि म्हणाली, "अल्मा, मी तुझ्या फ्रिजमध्ये आहे म्हणे?" म्हटलं, "होतीस, आणि जन्मात पहिल्यांदा गप्प बसली होतीस." ती इतकी हसली की केक सांडला. तुझा बाप मात्र हसला नाही. त्याने दवाखान्यातून एक बाई आणवली. तिने वार विचारला, कागदावर घड्याळ काढायला लावलं, मी काढलं. मग म्हणाली, "फ्रिजमध्ये माशी का ठेवता?" मी म्हटलं, "शेगडीवर बसत नाही म्हणून." गंमत कळायला माणूस लागतं गं! तिने माझं उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

मग मला तो वृद्धाश्रम दाखवायला नेलं. चकचकीत आहे, नाही म्हणत नाही. पण खिडक्या उघडत नाहीत. मांजर चालत नाही. साधी मुंगी शोधली, तीही मिळाली नाही. मार्गदर्शक बाई अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडे एकही किडा नाही." मी म्हटलं, "मग इथे जिवंत कोण आहे?" तुझ्या बापाने मला दंड धरून गाडीत बसवलं.

परतताना तो गाडीत म्हणाला, "सिग्नीलाही हेच वाटतं." घरी येऊन कोटही न काढता मी कागद पुढे ओढला. एवढ्यासाठीच हे लिहायला बसले. कॅमेरा दिलास तू, किड्यांच्या जवळ जायला लावलंस तू, आणि माझ्या पाठीमागे मान डोलावलीस का, ते मला कळायला हवं. डोलावली असशील तर तसं सरळ लिही. मी रडणार नाही आणि हलणारही नाही. बिशप इथे, मी इथे, आणि दार उघडायचं की नाही ते मी ठरवणार. बापाला विचारून लिहू नकोस, त्याच्याकडून फोन करवू नकोस. उत्तर तू द्यायचं, तुझ्या हाताने.

तुझीच खमकी आजी,
अल्मा