न चालवलेल्या गाडीची किंमत

३ फेब्रुवारी
या टिपणांतून एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: नवी गाडी घेणारा मनुष्य मूर्ख असतो. शोरूमच्या दाराबाहेर पडताक्षणी तिची किंमत उतरते. जुन्या गाडीच्या बाबतीत ही घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. जन्मभर तर्कशास्त्र शिकवले. निष्कर्ष स्वच्छ आहे. जावयाने परवा नवी घेतली. अभिनंदन केले. कीव मनात ठेवली.
पत्नीची मागणी माफक. डोंगरापलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायचे. ताईंची नजर झपाट्याने जाते आहे. तिला मी दिसते आहे तोवर न्या, एवढेच ही म्हणाली.

९ फेब्रुवारी
गाडी आली. आठ वर्षांची, निळी. मेकॅनिक म्हणाला, काका, ठणठणीत आहे, फक्त चालवत राहा. उभी ठेवलीत तर रुसते. यंत्राला रुसवेफुगवे चिकटवणे हा तर्कदोष होय. सविस्तर समजावले. तो मध्येच चहाला गेला.

१६ फेब्रुवारी, सकाळी
ही डबा भरून, ताईंसाठी विणलेला स्वेटर घेऊन दारात उभी. ऐन वेळी नवा मुद्दा सुचला: गाडीची किंमत वयाने उतरते, तशीच किलोमीटरनेही. वय आपल्या हाती नाही, किलोमीटर आहेत. सबब, न चालवणे हीच बचत. हिने विचारले, मग घेतली कशाला? प्रश्न विषयाला सोडून होता.

२ मार्च
पाऊस येईलसे वाटले, म्हणून निघालो नाही. आला नाही, पण येऊ शकला असता. गाडीवर कव्हर घातले. शेजारी म्हणाले, झाकली मूठ सव्वा लाखाची. कौतुक स्वीकारले.

२३ मार्च
मुलीचा फोन. बाबा, हे आईला आमच्या गाडीतून नेतील. साफ नकार. जावयाच्या गाडीत बसणे म्हणजे त्याचा पक्ष मान्य करणे. स्वेटर पुन्हा कपाटात गेला.

१२ एप्रिल
ताईंचा फोन. म्हणाल्या, काय प्राध्यापकमहाशय, आता माणसे आवाजावरूनच ओळखते. तुमचा मात्र लपत नाही.
तडक निघायचे ठरवले. किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. बॅटरी गेलेली, टायर बसलेले, बॉनेटखाली वायरी कुरतडून उंदरांनी संसार थाटलेला. मेकॅनिक म्हणाला, काका, किलोमीटर मात्र एकही वाढला नाही हं. निदान या मुद्द्यावर तो सहमत आहे.
ही चपला घालून बसने गेली.

१३ एप्रिल
ही परतली. ताईंनी स्वेटर चाचपून रंग विचारला म्हणे. नंतर गाडीचेही विचारले. हिने सांगितले, अगदी नवी कोरी आहे, अजून वापरलेलीच नाही.
मूळ सिद्धान्त अबाधित आहे. नवी घेणारा मूर्खच. चूक एकच झाली, ती लेखी मान्य करतो: दिवसागणिक उतरणाऱ्या गोष्टींत मी फक्त गाडी धरली. ताईंची नजर धरायची राहिली.
सही,
तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक