लांब फिन्स आणि माझी भरलेली जाळी

मुक्काम दोलगे, जेजू बेट
१९ ऑक्टोबर

प्रिय थेग्यूदादास,

धाकट्या मावसबहिणीचा, बोरामचा नमस्कार. बुसानला आता वारा बोचू लागला असेल. तुझा खोकला कसा आहे? (मावशीने हे विचारायला सांगितलेलं नाही. मी पत्र लिहायला बसले तेव्हा तिने नासपतीच्या काढ्याची बाटली आणून माझ्यापुढे ठेवली आणि ती काही न बोलता निघून गेली, एवढंच. बाटली सोबत पाठवते आहे.) इकडे सगळे खुशाल आहेत. पण मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते, नाहीतर मला पुढे लिहिताच यायचं नाही. तू बनवलेल्या लांब पात्यांच्या फिन्स पायात घालून बुड्या मारायला लागल्यापासून माझी शंखांची जाळी दुप्पट भरते, असं मी कळवलं होतं. जाळी दुप्पट भरते हे खरं आहे. ती फिन्समुळे भरते, हे खरं नाही.

माझं ते वाक्य तू तुझ्या फिन्सच्या कारखान्याच्या मालकांना वाचून दाखवणार आहेस आणि त्यावरून ते नवा साचा ओतणार आहेत, हे तुझ्या उत्तरात वाचल्यापासून मला घास गिळवत नाही. तुझ्या फिन्स वाईट आहेत असं मात्र समजू नकोस. सरळ खाली जाताना त्यांना तोड नाही. मांडीपासून एक सावकाश लाथ मारली की पातं वाकतं आणि सरळ होता होता मलाच पुढे ढकलतं. जुन्या आखूड रबरी फिन्सना तेवढ्याच अंतरासाठी तीन-चार लाथा लागायच्या आणि निम्मा दम त्यातच जायचा. पण आपलं काम सुरू होतं ते तळाशी पोचल्यावर. तिथे खडकाच्या फटीत डोकं घालायचं, वळायचं, पुढची फट बघायची. मी वळते, माझे पाय वळत नाहीत. ते वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या मंडळींसारखे मागाहून, सवडीने येतात. येताना शेवाळात अडकतात, वाळू उडवतात, आणि ती वाळू खाली बसेपर्यंत माझा श्वास संपलेला असतो. (हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण वर येऊन पाहावं तर जाळी भरलेली. मग मला वाटलं, दोष माझ्या समजुतीत असेल.)

उलगडा झाला गेल्या गुरुवारी. पहिल्याच बुडीत माझी उजवी फिन एका फटीत अडकली आणि पायातून निघाली. त्यानंतरची सगळी वेळ मी ती सोडवण्यात घालवली. वर यायचं, पाण्यावर जाळी तोलून धरणाऱ्या तरंड्याला धरून दम घ्यायचा, पुन्हा एका फिनवर खाली जायचं. एक शंखसुद्धा मी हातात धरला नाही. आणि किनाऱ्यावर जाळी ओढली तेव्हा ती आजवरची सगळ्यांत जड जाळी निघाली.

नवशिकीला रिकाम्या जाळीने घरी जाऊ द्यायचं नाही, ही आपली रीत मला ठाऊक आहे. पण माझं नवशिकेपण गेल्या वर्षी संपलं अशी माझी समजूत होती. मी ओल्या अंगाने तशीच शेकोटीपाशी गेले आणि माझ्या जाळीत कुणी कुणी शंख टाकले ते विचारलं. सगळ्याजणी एकदम केस पुसू लागल्या. शेवटी बोकसिलआजी (अजून तीच आमची पुढारीण, लहानपणी तुझा कान पिळायची ती) म्हणाली, "अगं, वरून पाहिलं तर नुसते पाय झाडताना दिसतेस. मला वाटलं, पोर बुडते आहे. म्हणून दोन शंख टाकले."

मग एकेकीने कबूल केलं. म्हणजे दादा, फिन जितकी अडचणीची, तितकी त्यांना माझी दया जास्त, आणि तितकी माझी जाळी जड. मी तुला फिन्सचा नव्हे, बायकांच्या दयेचा हिशेब कळवत होते.

मालसुनमावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी कशाला टाकू? माझ्या लेकाने फिन्स केल्यात की वल्ही? त्या वल्ह्यांना माझ्याकडून एक शंख मिळायचा नाही." सगळ्या हसल्या, मीही हसले, आणि गुळवेलीसारखी चिवट आहे तुझी आई, असं मनात म्हटलं.

तर मालकांना ते वाक्य दाखवू नकोस. रागावू नकोस. जेवत जा.

तुझी,
बोराम

ता. क. फिन्स मी कापल्या आहेत. शेवाळ कापायच्या कोयत्याने, वीतभर. आता मी वळले की पायही बरोबर वळतात, आणि खाली जाताना पात्याचा तो रेटाही बराचसा उरला आहे. काल चार शंख मी स्वतः काढले. मोजताना मला रडू आलं. फक्त डावी जरा जास्त कापली गेली, त्यामुळे सरळ जायला निघाले की मी डावीकडे वळत गोल फिरते. बोकसिलआजी म्हणते, बरं झालं, आता ही आपोआप घरी परत येते.

आणखी एक. गुरुवारी जाळीत शंखांखाली तळहाताएवढी अबालोनची शिंपली होती. ती ज्या खोलीवर सापडते तिथवर आमच्यात फक्त एकच बाई पोचते. आणि ती गेले दोन महिने लेकाच्या वल्ह्यांची सगळ्या गावासमोर टिंगल करते आहे. मी तिला काही बोललेले नाही. तूही बोलू नकोस.

शेवटचं, आणि खरं तर याचसाठी पत्र लिहायला घेतलं. मालकांना द्यायला खरा आकडा हवा असेल, तर तो कापलेल्या फिन्सचा घेऊ. जाळीचं तोंड मी बांधून पाहिलं. या बायका कुठलीही गाठ सोडतात. तेव्हा तूच ये. मी खाली असेन तेवढा वेळ माझा तरंडा धरून पाण्यात राहायचं आणि जाळीच्या तोंडावर हात ठेवायचा. बोकसिलआजी तुझ्यासाठी पाहिलेल्या मुलीचा विषय काढेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. लक्ष आईच्या हातांवर ठेव. पुढच्या भांगाला भरती-ओहोटीचा जोर कमी, पाणी संथ असेल. मंगळवारी, अठ्ठावीस ऑक्टोबरला, सकाळी मी उतरते आहे.